बत्तीस ओळींची यादी आणि तेहतिसावा मुलगा

ऑगस्ट २०२४ मधला एक रविवार. अजिंक्यताऱ्यावर ढग टेकलेले, मैदानात चिखल, आणि आमच्या स्काउट पथकातल्या पोरांचे ‘सावधान-विश्राम’ त्या चिखलातच चाललेले. मी कडेला छत्री धरून उभा होतो. एका मुलाचे वडील मोटरसायकल कशीबशी भिंतीला टेकवून तडक पथक चालवणाऱ्या मोठ्या सरांकडे गेले आणि त्यांनी मोबाइल सरांच्या नाकासमोर धरला.

“सर, पैसे भरलेत मी. हे बघा. अठ्ठावीस जुलै, दोन हजार बावीस. सहाशे रुपये. आणि आता म्हणताय त्या वर्षी पोराची नोंदणीच नव्हती?”

सरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढून स्क्रीनशॉट वाचला. पैसे खरेच गेले होते. पण ज्याच्या नावावर गेले ते नाव ना सरांचे होते, ना पथकाचे. ते आमच्या रोव्हरचे, म्हणजे पथकातल्या मोठ्या वयाच्या स्काउटचे होते. तो बावीस वर्षांचा पोरगा तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लहान मुलांना लाठीला दोर बांधायला शिकवत होता. आपल्यावरून काही चालले आहे हे त्याच्या गावीही नव्हते.

पुढचे तीन महिने या सहाशे रुपयांचा माग काढण्यात गेले. ते इथे मांडतो आहे, कारण साताऱ्यातच नव्हे, कुठेही चार भली माणसे मिळून मुलांचे काही चालवतात तिथे हे असेच घडू शकते. पथकाचे आणि माणसांचे नाव घेत नाही. घेण्याचे कारणही नाही. यात कुणी एक रुपया खाल्लेला नाही. ते पुढे येईलच.

पथक कसे आहे

आपल्याकडे बहुतेक स्काउट-गाइड पथके शाळेची असतात. शिक्षकच स्काउटमास्टर, वर्गातली पोरेच स्काउट, पैसे शाळेच्या कारकुनाकडे. पण शाळेशी न बांधलेले खुले पथकही नियमाप्रमाणे चालवता येते. आमचे तसे आहे. मोठे सर निवृत्त शिक्षक, हिमालयन वुड बॅज हे स्काउटमास्टरांचे वरचे प्रशिक्षण झालेले, पस्तीस वर्षांपासून गळ्यात स्कार्फ. गाइडच्या मुली बघणाऱ्या ताई नोकरी करून रविवार देतात. रोव्हर याच पथकात लहानाचा मोठा झाला. एक पालक हौसेने ‘खजिनदार’ म्हणवून घेत होते, म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन होते.

आणि मी. मी कधी स्काउट नव्हतो. एसटीच्या हिशेब शाखेत एकतीस वर्षे काढून घरी बसलो. नातवाला रविवारी मैदानावर सोडायला येत होतो, तर एक दिवस ताई म्हणाल्या, “काका, तुम्ही हिशेबातले ना, कमिटीवर या की.” गेलो. कमिटी म्हणजे वर्षातून दोनदा चहा, एवढीच तेव्हा माझी समजूत होती.

भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० ला झाली, गाइडची शाखा पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला येऊन मिळाली. तेव्हापासून खाली पथक, वर जिल्हा, त्यावर राज्य आणि मग राष्ट्र अशी उतरंड आहे. मुलाची दरवर्षी नोंदणी होते, यादी जिल्ह्याला जाते, सोबत नोंदणी शुल्क जाते. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या चढून मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. दोन पायऱ्यांमध्ये ठरावीक महिने जावे लागतात. मुलांना बॅजची ओढ असते. पालकांचे लक्ष दहावीकडे, कारण वरच्या पुरस्कारांना दहावीला सवलतीचे गुण आहेत. मुलगा नववीत गेला की ज्या बापाने मैदान कधी पाहिले नाही तोही ‘तृतीय सोपान कधी?’ विचारायला लागतो. त्यात काही चूक आहे असे मला वाटत नाही.

हा मुलगा नववीत होता. तृतीय सोपान चाचणीसाठी त्याचा अर्ज गेला आणि शेरा मारून परत आला. २०२३-२४ ची नोंदणी आहे, २०२२-२३ ची नाही. प्रवेश आणि प्रथम सोपान त्याने त्याच वर्षात पूर्ण केलेले. सभासदच नसताना दिलेली परीक्षा धरता येत नाही. पहिली पायरी निसटली की वरच्या सगळ्या हलतात. महिने मोजून पाहिले तर राज्य पुरस्कारापर्यंत पोचेतो दहावीची परीक्षा उलटून जात होती.

सरांच्या ओसरीवर तीन संध्याकाळी

सरांनी रेक्झिनची एक काळी पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. “सगळं यात आहे,” म्हणाले. खोटे नव्हते.

सगळ्यात वर होते प्रगती रजिस्टर. मी आयुष्यात इतके देखणे रजिस्टर पाहिलेले नाही. दोनशे पानी, लाल कापडी पाठ, प्रत्येक मुलाला एक पान. कोणती गाठ कोणत्या तारखेला जमली, पहिल्यांदा कुठे चुकला, प्रथमोपचारात त्रिकोणी पट्टी बांधताना हात कसा धरला. हिरव्या शाईत ‘पुन्हा’, निळ्या शाईत ‘छान’. हजेरी रजिस्टरही तसेच चोख. मानसभेचे, म्हणजे संघनायकांच्या बैठकीचे, इतिवृत्त तर मुलांच्याच हस्ताक्षरात, सह्यांनिशी.

पैशांचे रजिस्टर म्हणून एक पॉकेट डायरी होती. तिच्यात जून २०२२ च्या चार पानांवर नावे, काही नावांपुढे टिकमार्क, काहींपुढे ‘६००’, एकापुढे ‘३०० + आई देईल’. जुलैपासून कोरी. माणूस जे महत्त्वाचे मानतो त्याचीच नोंद ठेवतो. सरांना गाठी महत्त्वाच्या वाटत होत्या. याचा राग कसा यावा?

डायरीखाली पावत्या होत्या. दुकानाच्या त्या गुळगुळीत कागदावरच्या मशीनच्या पावत्या दोन वर्षांत पार पांढऱ्या पडल्या होत्या. तिरप्या उजेडात धरून दोन ताडपत्र्यांचे ४,२०० वाचता आले, बाकी नुसते कागद. सर शेजारी बसून तोंडाने सांगत होते, “हे दोराचं. हे कढईचं भाडं. हा ठोसेघरच्या रस्त्यावर शिबिर घेतलं तेव्हाचा टेम्पो.” जिथे पावती नव्हती तिथे दुकानदाराला फोन लावला. दोघांनी जुन्या वह्या उघडून आकडे दिले. साताऱ्यात अजून एवढे चालते.

रोव्हरकडे मात्र सगळे जिवंत होते, कारण त्याच्याकडे बँकेचे स्टेटमेंट होते. त्याने २०२२ मधल्या अकरा नोंदी पिवळ्या करून आणल्या: प्रत्येकी सहाशे, एकूण ६,६००. रोख काढून तीन हप्त्यांत त्याने ते सरांना दिले होते. पुरावा म्हणून व्हॉट्सअॅपवरचे त्याचेच तीन मेसेज, ‘सर दिले’, आणि खाली सरांचा अंगठा. कोणत्या मुलाचे दिले ते कुठेच नाही.

तिसऱ्या संध्याकाळी आकडे बसले. स्काउट मुले तेहतीस. पूर्ण फी आलेली एकोणतीस जणांची, १७,४००. त्यातले अठरा रोख, अकरा मोबाइलवरून. चौघांची फी आलीच नव्हती. वर्षाचा खर्च, मान्य होईल असा, २४,७४०.

म्हणजे जमेपेक्षा खर्च ७,३४० रुपयांनी जास्त. मी सरांकडे बघितले. सर दारातल्या जास्वंदीकडे बघत होते. आतून काकूंचा आवाज आला, “विचारा, विचारा. पेन्शन कुठं जाते ते मलाही कळूं दे.”

मग मुलगा राहिला कसा

एका स्काउट पथकात बत्तीस मुले. आठ-आठांचे चार संघ, त्यापुढे पथक वाढवत नाहीत, दुसरे काढतात. मागे चांगला विचार आहे: एका माणसाची नजर तेवढ्याच पोरांवर राहू शकते. यादीच्या कागदावर सरांनी स्वतः रेघा मारून बत्तीस ओळी आखल्या होत्या. पंचवीस जुलैला यादी जिल्ह्याला गेली तेव्हा त्या भरलेल्या होत्या.

फी न भरलेली चार मुले त्या बत्तीसमध्ये होती. त्यांचे नोंदणी शुल्क सरांनी खिशातून भरले, कारण त्यातल्या दोघांच्या घरी त्या उन्हाळ्यात काय झाले होते ते सरांना ठाऊक होते. मुलांनाही सांगितले नाही, त्यांच्या आयांनाही नाही, आणि डायरीलाही नाही. हा मुलगा तीन दिवसांनी उगवला, तेहतिसावा. सरांनी त्याला घेतले, कारण आलेल्या पोराला सर परत पाठवत नाहीत. बत्तीसमधल्या एकाचे वडील बदली होऊन पुण्याला जाणार असे कानावर होतेच, तेव्हा ‘तो गेला की याचे नाव घालू’ असे मनात ठरवले. तो सप्टेंबरात गेला. नाव घालायचे राहिले.

पैसे भरलेला पोरगा यादीच्या बाहेर, न भरलेले चौघे आत. आणि ज्या माणसाच्या हातून हे झाले त्याचेच ७,३४० रुपये गेलेले.

हिशेब शाखेत बसून मी अपहार पुष्कळ पाहिले. अपहाराची एक सोय असते, तो शोधता येतो, कारण करणाऱ्याने काहीतरी लपवलेले असते आणि लपवल्याची खूण राहते. चांगुलपणाने घातलेल्या पैशाची खूणच राहत नाही. सर दर वेळी कमी पडलेले भरून काढत गेले, त्यामुळे कमी पडते आहे हे कुणाला कळलेच नाही. फी वाढवायला हवी की खर्च कमी करायला हवा, कुणाला माफी द्यायची, कुणाचे नाव राहिले, यातला एकही प्रश्न कमिटीच्या चहापर्यंत आला नाही. तो सरांच्या खिशातच विरघळला.

जुन्या तारखेचे पत्र

कमिटीची बैठक ताईंच्या घरी झाली. खजिनदारांनी पहिल्या पाच मिनिटांत तोडगा काढला: पुण्याला गेलेल्या मुलाच्या जागी या मुलाचे नाव घ्यावे, असे पत्र सप्टेंबर २०२२ च्या तारखेने तयार करायचे आणि ‘पूर्वी दिले होते, आपल्याकडे गहाळ झाले असावे’ म्हणून पोच मागायची. “पोराचं भलं होतंय. कुणाचं नुकसान आहे का?”

खरे सांगतो, मला ते पटण्यासारखे वाटले. मुलाची काहीच चूक नव्हती. सर गप्प होते, आणि ते गप्प म्हणजे नकार नव्हता. रोव्हर तर लगेच लॅपटॉप काढायला लागला.

ताईंनी हजेरी रजिस्टर उघडले. “हे बघा. ऑगस्टमध्ये दोघंही हजर आहेत. याने प्रवेशाची परीक्षा दिली ती एकवीस ऑगस्टला, तुमचं पत्र सप्टेंबरचं. म्हणजे प्रवेशाची तारीख पुढे ढकला. मग प्रथम सोपानची. मग सरांच्या रजिस्टरचं पान फाडा. फाडणार का सर?”

सरांनी ते लाल पाठीचे रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतले. विषय तिथे संपला.

पत्र गेले ते आजच्या तारखेचे, सरांच्या हातचे. मजकूर तीन ओळींचा: सदर स्काउट २०२२-२३ मध्ये पथकात नियमित हजर होता व त्याची फी मिळाली होती. त्याचे नाव यादीत घालण्याचे माझ्याकडून राहून गेले. यात त्याची किंवा पालकांची चूक नाही.

उत्तर अपेक्षेप्रमाणेच आले. मागील वर्षाची नोंदणी आता देता येणार नाही, परीक्षा पुन्हा घ्याव्यात. वडिलांना ते पत्र दाखवायला सर आणि मी घरी गेलो. त्यांनी पत्र वाचले, चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “सर, तुम्ही शिकवलंय मला सातवीत. म्हणून तोंड उघडत नाही.” यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. सहाशे रुपये परत देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. महिनाभर मुलगा आला नाही. मग एका रविवारी सायकलवर एकटाच आला आणि अकरा वर्षांच्या पोरांच्या रांगेत प्रथम सोपानच्या गाठींना बसला. क्लोव्ह हिच ही गाठ त्याने मैदानाबाहेरच्या गाड्या बघत बघत मारली.

मंगळसूत्र आणि वे-बिल

आता ‘यापुढे काय’ यावर जो वाद झाला तो या सगळ्यातला गाभा. मी मांडलेली व्यवस्था साधी होती: क्रमांक छापलेले पावती पुस्तक, रोजकिर्द म्हणजे रोजच्या जमा-खर्चाची वही, पथकाच्या नावाचे बँक खाते, दोन सह्या, आणि कुणाच्याही वैयक्तिक मोबाइलवर पैसे घ्यायचे नाहीत.

सर दुखावले. “पस्तीस वर्षांत कुणी पावती मागितली नाही मला. पावती म्हणजे अविश्वास.” मग ते त्यांच्या हक्काच्या दाखल्यावर आले. साताऱ्यात तो दाखला टाळता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ पासून साताऱ्यात बोर्डिंग चालवले, आणि पोरांच्या जेवणाला पैसे नव्हते तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. “त्यांनी व्हाउचर केलं होतं का?”

ताई शांतपणे म्हणाल्या, “सर, लक्ष्मीबाईंनी मोडलं ते अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. तुमचं कुणालाच माहीत नाही. म्हणून तर घोळ झाला.”

मला त्यावर आमच्या खात्यातली एक गोष्ट सांगावीशी वाटली. एसटीचा कंडक्टर ड्युटीवर निघताना स्वतःच्या खिशात किती पैसे आहेत ते वे-बिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहितो. लोकांना वाटते, तपासणी कमी पैशांसाठी असते. जास्त सापडले तरी कंडक्टर तितकाच अडचणीत येतो. खिशातले कोणते आणि महामंडळाचे कोणते हे सांगता आले नाही की प्रामाणिक माणसाकडेही उत्तर नसते. नव्या कंडक्टरला सुरुवातीला याचा अपमान वाटतो. वर्षभरात त्याला कळते की ती ओळ त्याच्यावर लक्ष ठेवायला नाही, चेकर गाडीत चढला की त्याच्या पाठीशी उभी राहायला आहे.

सर काही बोलले नाहीत. पण पुढच्या शिबिराला निघताना त्यांनी किर्दीच्या पहिल्या ओळीवर लिहिले: ‘स्काउटमास्टर, खाजगी रोख – २४०’. मी पाहिले नाही असे दाखवले.

बँक खाते काढायला चार महिने लागले. पथक म्हणजे कोण, हा प्रश्न काउंटरवर तीनदा झाला. ठराव हवा, नियमावली हवी, पॅन हवे, सही करणाऱ्यांची ओळखपत्रे हवीत. मधल्या काळात एका पतसंस्थेने ‘उद्याच काढून देतो’ म्हटले होते, खजिनदार तयारही होते. मी आडवा आलो. मुलांचा पैसा आहे, उशीर झाला तरी चालेल. तोवर फक्त रोख आणि हाताने पावती. पावतीचे पुस्तक कार्बनवाले घेतले, पोवई नाक्याजवळ छापून, पन्नासाचे एक. पहिल्या रविवारी पालक हसले. दुसऱ्या रविवारी एकाने स्वतःहून विचारले, “माझी पावती?”

उचलीचीही रीत घातली. सरांना किंवा ताईंना सामान आणायचे असेल तर आधी उचल घ्यायची, सात दिवसांत बिले देऊन मिटवायची. मशीनची पावती असेल तर त्याच दिवशी फोटो काढायचा, कारण ती उडते हे आम्ही शिकलो होतो. आणि यादी: नोंदणीची यादी जिल्ह्याला जाण्याआधी ती हजेरी रजिस्टर आणि पावती पुस्तकाशी ताडायची. तीन कागद, तीन वेगळी माणसे. यात अर्धा तास जातो. तेहतिसावे नाव असते तर त्या अर्ध्या तासात ते डोळ्यांत खुपले असते. तेहतिसावे मूल आले तर दुसरे पथक काढायचे किंवा प्रतीक्षा यादी करून पालकांना तसे स्पष्ट सांगायचे. मनात ठरवून ठेवायचे नाही.

बाकीदार

एक गोष्ट मी आतापर्यंत मागे ठेवली. ती सांगायला सगळ्यांत जड जाते, कारण त्यात मीही आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये, आमचे हिशेब लागत असतानाच, खजिनदारांनी शिस्तीच्या उत्साहात पालकांच्या ग्रुपवर यादी टाकली: ‘फी बाकी’. खाली चार मुलांची पूर्ण नावे, पुढे रकमा, शेवटी हात जोडलेले. टाकण्याआधी मला दाखवली होती. मी आकडे तपासले, ‘बरोबर आहे’ म्हटले. एकतीस वर्षांची सवय. बरोबर आहे का एवढेच बघायचे.

त्या चारातला एक मुलगा संघनायक होता. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ताई करंजेत त्याच्या घरी गेल्या. आई दारातच म्हणाली, “ताई, शंभर-शंभर करून देणार होतो ओ. पण आता त्याला नाय यायचं. पोरं ‘बाकीदार’ म्हणत्यात.”

आता फीमाफीचे असे ठरले आहे. दर वर्षी जूनमध्ये प्रत्येक पालकाला एकच छापील चिठ्ठी जाते: पूर्ण, हप्त्याने, किंवा माफी हवी. ती बंद पाकिटात ताईंकडे येते. ताई आणि मी, दोघेच ठरवतो. कारण विचारत नाही. किर्दीत माफीची एकत्र रक्कम दिसते, नावे दिसत नाहीत. शुल्काच्या रजिस्टरात माफी असलेल्या मुलापुढेही पावती क्रमांक पडतो, कारण त्याची फी पथकाच्या माफी निधीतून खरोखर जमा होते. यादी बघणाऱ्याला सगळे सारखेच.

हा निधी भरायचा कसा यावर मात्र मुलांनीच उत्तर दिले. स्काउटमध्ये ‘खरी कमाई’ ही जुनी रीत आहे, मुलांनी काम करून पैसे मिळवायचे. खजिनदारांचे म्हणणे, ज्यांना माफी हवी त्यांनीच खरी कमाई करावी. मानसभेत हा प्रस्ताव गेला तो एका मिनिटात पडला. करणार तर सगळे, असे ठरले. नोव्हेंबरमध्ये तीन रविवार मुलांनी शेजारपाजारच्या सायकली आणि मोटरसायकली धुतल्या. कोणी किती मिळवले ते संघाच्या वहीत मुलांच्याच हाताने, आणि संघांची बेरीज किर्दीत. एका मुलाने वहीत लिहिले होते, ‘जोशी आजोबा १० देणार होते, ५० दिले, ४० परत केले’. आजोबांचे नाव मी इथे बदलले आहे, आकडे तेच आहेत. स्काउटच्या नियमांत ‘काटकसरी’ असे लिहिलेले आहे, पण चाळीस परत करा असे कुठे लिहिलेले नाही.

तो संघनायक दोन महिन्यांनी परत आला. स्कार्फ न घालता. कुणी विचारले नाही. तिसऱ्या रविवारी घालून आला.

पिशवीत आणखी काय होते

रेक्झिनच्या पिशवीच्या तळाशी आधार कार्डांच्या झेरॉक्स होत्या, तेहतीसच्या तेहतीस. जन्मतारखेसाठी घेतलेल्या. त्यातल्या सहा-सातांच्या पाठकोऱ्या बाजूवर गाठींच्या स्पर्धेचे गुण मांडलेले. सरांच्या पिढीला कागदाची एक बाजू वाया घालवणे जमत नाही. पण त्या कागदांवर मुलाचा फोटो, पत्ता, नंबर सगळे आहे, आणि ती पिशवी मैदानावर झाडाच्या फांदीला टांगलेली असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्याने अठराच्या आतले प्रत्येक जण मूल धरले आहे आणि त्याच्या डिजिटल माहितीला पालकांची संमती सांगितली आहे, ही तर कायद्याची गोष्ट झाली. फांदीची गोष्ट त्याआधीची. आता जन्माचा दाखला बघायचा, तारीख लिहायची, कागद तिथेच परत. शेवटचे चार आकडेच दिसणारे आधार चालते. जुन्या झेरॉक्स काकूंनी बंबात घातल्या. गुण आधी उतरवून घेतले, सरांनी तेवढे मागून घेतले.

मुलांच्या सुरक्षेचे नियम आम्ही याच झटक्यात लिहून काढले. फार बोलत नाही, त्यात वाद झाला नाही. मुलांबरोबर कधीही एकच मोठा माणूस नाही, किमान दोन. शिबिराला मुली असतील तर ताई किंवा दुसरी बाई असल्याशिवाय गाडी हलत नाही. रोव्हर उशीर झालेल्या पोरांना गाडीवर एकटे घरी सोडत असे, भल्या मनानेच, ते बंद. काही विपरीत कळले तर आपसात मिटवायचे नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने, २०१२ पासून, पोलिसांना कळवणे हे कळलेल्या प्रत्येकाचे काम आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर किर्दीच्या पुठ्ठ्यावर चिकटवला आहे. पालकांची सहीची संमती आणि मुलाच्या औषधांची चिठ्ठी शिबिरापुरती ताईंकडे, शिबिर संपले की पालकांना परत.

३१ मार्च

पहिले नीट हिशेब आम्ही ३१ मार्च २०२५ ला बंद केले. जमा-खर्च जुळला, शिल्लक बँकेच्या पासबुकाशी जुळली. एकच ओळ अडली. सरांचे ७,३४०. ते पथकाचे देणे आहे. मी म्हटले, सर, घेऊन टाका, खात्यात तेवढे आहेत. सर म्हणाले, मी दिले ते घेण्यासाठी नाही. मग देणगी म्हणून पावती फाडतो, नाव लावतो. तर म्हणाले, मला पावती नको. मी म्हटले, पावतीशिवाय देणगी होत नाही. काकू आतून म्हणाल्या, “माझ्या नावानं फाडा.” सर त्यालाही तयार नाहीत.

मुलगा दहावी झाला. राज्य पुरस्कार राहिला. परवा वडील राधिका रोडला भेटले, बऱ्यापैकी बोलले. धाकट्याला पथकात घालायचे म्हणत होते, जागा आहे का विचारत होते. एकतिसावा क्रमांक मोकळा आहे, पावती पुस्तक घेऊन रविवारी येतो म्हटले.

ती ७,३४० ची ओळ मी ‘देणे’ या सदराखाली दुसऱ्यांदा पुढच्या वर्षात ओढली आहे.